फौजी काका आणि कंबोडियाचा राजा

फौजी काकांनी उभ्या आयुष्यात एकाही लग्नपत्रिकेवर आपलं नाव छापू दिलं नाही. आमच्या भागात पत्रिकेवर नाव राहिलं की माणूस वर्षभर रुसतो. काकांचं उलटं होतं. सख्ख्या पुतणीच्या लग्नात भावानं न विचारता 'स्नेहांकित'च्या रांगेत त्यांचं नाव टाकलं, तर छापखान्यातून आलेला गठ्ठा घेऊन ते ओट्यावर बसले आणि दिवसभर एकेका पत्रिकेवरचं आपलं नाव काळ्या शाईनं खोडत राहिले. लग्नाच्या दिवशी मात्र पंगतीत वाढायला सगळ्यांत पुढं तेच.

मी त्यांना विचारलं होतं, "काका, नाव काऊन खोडलं?"

"माहं नाव पाहून कोनी लग्नाले आलं अन् त्याले तिथं काई झालं, तं?"

"लग्नात काय होनार बाप्पा?"

"तेच तं. काय होनार हे मले माहीत नाई. मंग नाव कसं देऊ?"

मोताळा तालुक्यातलं त्यांचं गाव धामणगाव बढ्याच्या पुढं चार-पाच किलोमीटर. तिथं त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. अकोल्याहून शेतीची पदविका करून मी एका बियाणे कंपनीत लागलो होतो. बीटी कापूस तेव्हा नुकताच येऊ लागला होता. गावोगाव मोटारसायकलीवर फिरायचं, शेतकऱ्यांना त्याची माहिती द्यायची, मेळावे घ्यायचे, हे माझं काम. वय पंचविशीतलं. वडील नव्हते. घरी आई आणि लग्नाची बहीण. ही नोकरी मला टिकवायची होती.

काका सैन्यातून निवृत्त झालेले, पण बंदूकवाले नव्हते. सैन्याच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे होते. गावात कोणाला विळा लागो, की बैलाचा खूर चिरो, लोक आधी काकांकडं येत. ते आयोडीन लावत, पट्टी बांधत, आणि बांधता बांधता कंबोडियाची गोष्ट सुरू करत. जखमी माणसाला उठून जाता येत नसे. गावात गमतीनं म्हणत, पट्टी फुकट आहे, पण राजा ऐकावा लागते.

कंबोडियात ते खरोखरच दीड वर्ष राहिले होते. तिथलं यादवी युद्ध थांबवायला जगभरचं शांतिसैन्य गेलं, त्यात आपल्याही तुकड्या होत्या. काका एका दवाखान्याच्या तंबूत सुरुंगानं पाय गेलेल्या माणसांच्या जखमा धूत. ज्या माणसानं त्यांना राजाचं वेड लावलं, तो तिथला दुभाष्या. सोक त्याचं नाव. त्याचाही एक पाय गुडघ्याखाली नव्हता. काका त्याचं नाव सोकच घेत, पण गावानं ऐकून ऐकून त्याचं 'शोकबुवा' करून टाकलं होतं.

ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकली असेल.

"राजा होता," काका सांगत. "तरना होता. मंग त्याले वाटलं, राजा राहून राजकारन करता येत नाई. तं त्यानं गादी देऊन टाकली. कोनाले? बापाले! लोकायचं बापाकडून पोराले येते, यानं पोराकडून बापाले देलं. अन् सोता झाला पुढारी. खेड्यातल्या लोकायले मात्र तो राजाच. तो चिखलातून गेला तं त्याच्या पायाखालची माती लोकं घरी नेत. मंग एकदा तो गेला परदेशात. दवापान्यासाठी. तो तिकडं, अन् इकडं त्याले काढलं. काढनारा कोन? एक सेनापती, अन् एक सख्खा चुलत भाऊ. राजघरान्यातलाच."

इथं ते थांबत, कात्रीनं पट्टी कापत.

"राजाले आला राग. त्यानं काय करावं? जंगलात जे बंडखोर होते, ज्यायले तो सोता पकडत होता, त्यायच्याच संगं गेला. अन् परदेशातून रेडिओवर बोलला, माह्या लेकरायनो, जंगलात जा, लढा. सोक तवा गावात मास्तर होता. त्यानं अन् त्याच्या दोन भावायनं तो आवाज ऐकला अन् निंघाले. मले म्हने, ते काळ्या कपड्याचे लोक कोन आहेत, काय करनार आहेत, आमाले काईच माहीत नोहतं. आमाले राजाचा आवाज माहीत होता."

पुढं काय झालं ते जगाला माहीत आहे. त्या काळ्या कपड्यांच्या बंडखोरांनी राज्य घेतलं, शहरं रिकामी केली, माणसं शेतात राबवून, उपाशी ठेवून, ठोकून मारली. सोकचे दोन्ही भाऊ त्यात गेले. राजाला त्यांनी त्याच्याच महालात कोंडून ठेवलं. त्याची स्वतःची मुलं-नातवंडंही त्यांनी सोडली नाहीत.

"अन् तो चुलत भाऊ?" ऐकणारा विचारायचाच.

"त्याले गोरे लोक म्हने, इमान तयार आहे, चाल. तो नाई गेला. मारला त्याले." काका गाठ मारत. "पाडलं त्यानं राजाले, ते चुकलंच. पन पळाला नाई."

त्या दोन चुलत भावांपैकी खरा गुन्हेगार कोण, यावर काकांनी आयुष्यभर विचार केला. एखाद्या दिवशी सकाळी चहा घेताना ते एकदम म्हणत, "मले वाटते, राजाचाच गुन्हा मोठा." आणि दोन दिवसांनी, नांगर धरलेला असताना, लांबून ओरडत, "नाई बे, चुलत भावाचा! सुरुवात त्यानं केली!" काकू वैतागून म्हणत, "तुमच्या राजाले एक डाव जेवाले बोलवा घरी. काय ते समोरासमोर पुसून घ्या."

काकूंनीच मला सांगितलं होतं की मी यायच्या काही वर्षं आधी कंबोडियात पुन्हा सत्ता उलथली. राजाचा मुलगा तेव्हा तिथं पंतप्रधान होता, म्हणजे दोन पंतप्रधानांपैकी एक. बापाचा फोटो दाखवून निवडणूक जिंकलेला. ती निवडणूक काकांनी स्वतः पाहिली होती. त्या मुलाला दुसऱ्या पंतप्रधानानं रणगाडे आणून हाकलल्याचं काकांनी रेडिओवर ऐकलं आणि ताट सारून उठले. पारावर जाऊन म्हणाले, "राजाच्या पोराले काढलं हो!" लोकांना वाटलं दिल्लीत काही झालं. दोन दुकानदारांनी दुकानं बंद केली.

गावात एक मोठं जमीनदार घराणं होतं. त्यातल्या दोन चुलत भावांची सरपंचपदासाठी जुंपली. दोघांनाही काकांची सही हवी होती, कारण फौजी काकांनी कोणाला नाव दिलं असं कधी झालंच नव्हतं. थोरला आला तेव्हा मी ओट्यावरच होतो. काकांनी त्याला चहा दिला आणि तासभर कंबोडिया सांगितला. शेवटी तो म्हणाला, "ते समदं बरोबर आहे काका, पन आपल्या फारमवर सही?"

"तेच सांगून राह्यलो ना तुले एवढ्या वेळचा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. त्यालाही तेवढाच चहा आणि तेवढाच कंबोडिया.

मी हसत असे. सगळेच हसत. पण गावात काकांचं एक वजन होतं आणि ते या विक्षिप्तपणानंच आलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला मलकापूरला बोलावून कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, या गावांत बियाण्याची पाकिटं खपली नाहीत तर पुढच्या हंगामात तुझी गरज नाही. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट सांगितली गेली. हे वाण ओलिताच्या काळ्या जमिनीचं आहे. बरड, म्हणजे मुरमाड, नुसत्या पावसावरच्या जमिनीत जपून. मी ते वहीत लिहून घेतलं. माझ्याच अक्षरात लिहिलं.

गावी आल्यावर काकांना म्हणालो, "काका, मेळावा आहे शुक्रवारी. तुम्ही स्टेजवर बसाल का नुसते?"

"नाई."

"बोलू नका. बसा फक्त."

"तू पोरासारखा आहेस. म्हून तं बिलकूल नाई."

काकू मध्ये पडल्या. "पोराची नोकरी जाईन म्हनते. त्याची माय एकटी आहे तिकडं. बसल्यानं काय झिजनार आहे तुमचं?"

शुक्रवारी शाळेच्या पटांगणात मेळावा झाला तेव्हा काका सगळ्यांत मागं, कडुनिंबाला टेकून उभे होते.

मी चांगलं बोललो. बोंडअळी कशी मरते, फवारे कसे कमी होतात, नळगंगेच्या काठच्या एका शेतात बोंडं कशी लदबदली होती, सगळं चित्रं दाखवून सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. मग रहीमभाई उठले. गावाच्या वरच्या अंगाला त्यांचं चार एकर बरड. मुरूम आणि गोटे. विहीर नाही. घरात बायको आणि तीन मुली.

"साहेब," ते म्हणाले, "माही जमीन तुम्ही पाह्यली आहे. वरच्या पान्याची. तिथं येईन का हे?"

सगळं पटांगण माझ्याकडं बघायला लागलं. वरची बरड जमीन एकट्या रहीमभाईंची नव्हती. निम्म्या गावाची होती.

"येईल," मी म्हणालो.

रहीमभाई खाली बसले नाहीत. त्यांनी मान वळवून मागं कडुनिंबाकडं पाहिलं.

"फौजी भाऊ, पोरगा तुमच्याकडं राह्यते. तुम्ही सांगा."

काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी नजर चुकवली नाही. तीच तर माझी खरी चूक. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन मी उभा राहिलो.

"बियान्याचं मले काई समजत नाई," काका म्हणाले. "पन हा पोरगा माह्या घरी जेवते. खोटं बोलत नाई."

एवढंच. बारा-चौदा शब्द. त्या आठवड्यात माझी सगळी पाकिटं संपली, आणि मी मलकापूरहून आणखी मागवली.

पेरणीपुरता पाऊस झाला. कपाशीची पऱ्हाटी छान उगवली. मी रोज शेतांत फिरत होतो, आणि रोज मनाशी म्हणत होतो की या वर्षी पाऊस नीट पडला तर काही बिघडत नाही. श्रावणात पावसानं महिनाभर दडी मारली. खालच्या काळ्या जमिनीत कपाशी तग धरून राहिली. वरच्या बरडात पानं आधी कडेनं लाल झाली, मग सगळीच. लाल्या म्हणतात त्याला. बोंडअळी नव्हती, ते खरं. पण अळीनं खावं असं झाडावर काही धरलंच नव्हतं. दिवाळीला रहीमभाईंच्या शेतात गुडघ्याएवढ्या काड्या उभ्या होत्या.

त्या दिवशी काका शेतावरून आले, हातपाय धुतले आणि माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत कधी न विचारता येत नसत.

"तुले माहीत होतं?"

"पावसानं दगा दिला, काका."

"मी पावसाचं नाई विचारलं."

माझी वही समोरच्या टेबलावर होती. त्यांनी तिला हात लावला नाही. दारातूनच वळून गेले. जेवायला काकूंनी नेहमीसारखी हाक मारली. ताटं मांडलेली होती. काका माझ्या शेजारी बसले, मला भाकरी वाढली, आणि त्या दिवशी कंबोडियाचं नाव काढलं नाही. नंतरही माझ्यासमोर कधी काढलं नाही.

महिन्याभरात मी साहेबांना सांगून नांदुऱ्याला बदली करून घेतली. खरं तर मला बढती मिळाली होती. पाकिटं खपली होती.

नांदुऱ्याच्या माझ्या खोलीवर काका एकदाच आले. दुपारच्या एसटीनं, धुतलेला पांढरा सदरा घालून. माझ्या आईला नांदुऱ्यालाच आणलं होतं. तिनं पोहे केले. काकांनी सगळे खाल्ले, आईची चौकशी केली, बहिणीच्या लग्नाचं विचारलं. मग म्हणाले, "गुरुवारी ग्रामसभा आहे. मी उभा राहून सांगनार आहे, का माह्या बोलन्यानं तुमी बियानं घेतलं, ते माह्यावर आहे. तू ये."

"मी काय बोलू, काका?"

"तू नको बोलू. बोलीन मी. तू फक्त बाजूले उभा राह्य." मग पोह्यांची ताटली बाजूला सारून म्हणाले, "मी एकटा उभा राह्यलो तं लोक म्हनतीन, पोरगा पळाला. ते मले आयकवनार नाई."

"येतो," मी म्हणालो. "सकाळच्या पहिल्या गाडीनं येतो."

त्यांचा चेहरा उजळला. जाताना आईला म्हणाले, "पोरगा चांगला आहे तुमचा."

गुरुवारी मी नांदुऱ्याच्या बसस्टँडवर गेलो होतो. खोटं नाही सांगत, तिकिटाचे पैसे हातात होते. मोताळ्याची गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा आवाज दिला. माझ्या डोळ्यांपुढं शाळेचं पटांगण आलं, रहीमभाईंच्या तीन मुली आल्या, कंपनीला कळलं तर काय होईल ते आलं. गाडी सुटली. पुढच्या गाडीनं जाऊ म्हणून मी बाकावर बसलो. पुढची गाडीही गेली. मग मी घरी येऊन आईला सांगितलं की सभा रद्द झाली.

नंतर मी परभणीला गेलो, मग आणखी कुठं कुठं. काकांना दोन पत्रं लिहायला घेतली, दोन्ही 'सा. न.'च्या पुढं सरकली नाहीत. सात-आठ वर्षांनी एका ओळखीच्या दुकानदाराचा फोन आला, फौजी काका गेले. मी तेराव्याला पोचलो.

काकूंनी मला पाहिलं आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "तुहीच आठवन काढत होते," म्हणाल्या. मी म्हणालो, "काकू, त्या ग्रामसभेच्या दिवशी..." त्यांना वाटलं, मी विचारतो आहे. मला कोणी सांगितलं नसेल असं समजून त्या सांगायला लागल्या.

काका एकटेच उभे राहिले होते. हात जोडून म्हणाले, चूक माझी. सभेतून कोणीतरी ओरडलं, तुम्ही काऊन माफी मागता, त्या कंपनीच्या पोट्ट्याले आना. आणखी दोघं-तिघं उठले. फार शिवीगाळ झाली. काका म्हणाले, "त्या पोराले काईच माहीत नोहतं. कंपनीनं त्याले जे सांगितलं ते त्यानं सांगितलं. तो यायले निंघाला होता. मीच त्याले म्हनलं, नको येऊ." मग लोक बसले.

"खरंच तुले नको म्हनलं होतं का रे?" काकूंनी विचारलं.

मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. बहुतेक होय म्हणून मान हलवली.

त्यानंतरच्या वर्षी रहीमभाई घर बंद करून सुरतेला गेले, यंत्रमागावर. मलकापूर स्टेशनपर्यंत काका त्यांच्या बोचक्यांसकट गेले होते आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तासभर फलाटावर बसून होते, असं काकू म्हणाल्या. तिथून आल्यावर त्यांनी लोकांच्या जखमा बांधणं बंद केलं नाही, पण गोष्ट सांगणं बंद केलं. लोक मुद्दाम विचारायचे, काका, राजाचं काय झालं? ते म्हणायचे, "कोनता राजा?"

तेराव्याच्या जेवणानंतर मंडपातच शोकसभा झाली. सरपंच बोलले, शाळेचे मुख्याध्यापक बोलले. मग कोणीतरी माझं नाव घेतलं. फौजी काकांच्या घरचंच माणूस, दोन शब्द बोला. मला हात धरून पुढं नेलं. समोर सगळं गाव बसलं होतं. त्यात तिसऱ्या रांगेत, पांढरी दाढी वाढलेले रहीमभाई. सुरतेहून दोन गाड्या बदलून आले होते.

मी उभा राहिलो. काकांनी त्या ग्रामसभेत सांगितलं ते खरं नव्हतं, हे वाक्य माझ्या तोंडात अगदी तयार होतं. मला माहीत होतं, वहीत लिहिलेलं होतं, मी जाणूनबुजून 'येईल' म्हणालो होतो. एवढंच सांगायचं होतं. मी काकांच्या शिस्तीबद्दल बोललो. कंबोडियाबद्दल बोललो. लग्नपत्रिकांची गोष्ट सांगितली तेव्हा लोक डोळे पुसत हसले. त्यांनी मला मुलासारखं वागवलं, असं म्हणून मी खाली बसलो.

सभा संपल्यावर रहीमभाई गर्दीतून वाट काढत आले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"लय चांगलं बोल्ले साहेब," ते म्हणाले. "फौजी भाऊ म्हनतच होते, पोरगा खोटं बोलत नाई."